कलंडणारी चिमणी

अपघात घडला म्हणजे दैवाला अथवा कोणाच्या तरी धांदरटपणाला बोल लावून मोकळे होण्याची रीत फार जुनी आहे. रॉकेलची चिमणी कलंडून मूल भाजले, तर "कार्टे एका जागी बसेल तर ना!" असे उद्गार निघतात. येथेच विचार थांबतो आणि तीच चिमणी दुसऱ्या घरातील मुलाला भाजते.

अमेरिकन वैद्य विल्यम हॅडन यांनी या विषयाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. देहाला सोसवणार नाही एवढी उष्णता, वीज वा वेग देहापर्यंत पोहोचणे म्हणजे इजा होय. ती गाठ टाळण्याचे उपाय त्यांनी १९७० साली मांडले. घटनेपूर्वी, घटनेच्या वेळी व घटनेनंतर काय करता येईल, असा तिहेरी विचार त्यांच्या पद्धतीत आहे.

याचा उत्तम दाखला श्रीलंकेत सापडतो. तेथील शस्त्रवैद्य विजया गोडकुंबुरा यांच्यापुढे दिव्याने भाजलेले रोगी येत. गोरगरीब लोक टाकाऊ बाटलीत वात घालून दिवा करीत. बाटली उंच व हलकी, झाकण सैल. धक्का लागताच ती आडवी होई, घरंगळे, तेल सांडे आणि भडका उडे. गोडकुंबुरा यांनी लोकांस नुसता उपदेश केला नाही, दिवाच बदलला. त्यांचा 'सुदीप' बुटका, जड व जाड काचेचा आहे. दोन बाजू सपाट असल्याने तो पडला तरी घरंगळत नाही, आणि आट्यांचे घट्ट झाकण तेल सांडू देत नाही. मूल खोडकर असले तरी चालते. ते तसे असणारच! या कार्याबद्दल १९९८ साली त्यांस रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आता बहुतेक घरी वीज आहे, चिमणी दिसेनाशी झाली; परंतु कढत पाणी आहेच. स्नानाच्या बादलीत आधी थंड पाणी ओतावे, मग कढत. चुलीवरील पातेल्याचा दांडा आत वळवावा. चहाचा पेला टेबलाच्या कडेला ठेवू नये.

इतके करूनही कोणी भाजलेच, तर बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात आणि भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या नळाखाली धरावा. बर्फ, शाई, तूप वा दंतमंजन लावू नये. फोड फोडू नयेत. चेहरा वा हात भाजला असेल, किंवा जखम मोठी असेल, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.