वरातीच्या घोडीची वर्षभराची निगा

प्रश्न : लग्नाच्या वरातीसाठी आम्ही दोन घोड्या पाळल्या आहेत. त्या ठणठणीत असतानाही डॉक्टरांना दाखवावे का?
– एक वाचक, बालाघाट

उत्तर : जरूर दाखवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. नालेचा खिळा रुतला तरी पुरते. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने लसीचे दोन डोस आणि पुढे दरवर्षी एक डोस द्यावा. लीद तपासूनच जंतनाशक द्या. उगीच वारंवार दिल्यास जंत औषधाला दाद देत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्या, वर्षातून एकदा दात तपासा.

वैनगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात गोमाश्या वाढतात. त्या सर्रा रोग पसरवतात. ताप येऊन-जाऊन राहिला, घोडी खंगली, पायांवर सूज आली, तर लगेच रक्त तपासा.

नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी-फोड दिसले तर ग्लँडर्सची शंका घ्या. घोडी वेगळी बांधा आणि सरकारी पशुवैद्यकांना कळवा. हा रोग माणसालाही होतो. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009च्या कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे. वरातीत लहान मुले घोडीजवळ येतात, म्हणून लग्नसराईपूर्वी दोघींची तपासणी करून घ्याच.