ॲस्पिरिनचं यील्ड ११९ टक्के

बी.एस्सी.च्या एकाच प्रॅक्टिकलला, शेजारशेजारच्या टेबलांवर, मी यील्डचे दोन आकडे पाहिले: २२ टक्के आणि ११९ टक्के. प्रयोग एकच, ॲस्पिरिन तयार करण्याचा. पहिला मुलगा रडकुंडीला आला होता, दुसरा खूश होता. खरं तर दोघांचेही हात चांगले होते, आकडे मात्र दोन्ही खोटे.

त्यांनी घेतलं होतं २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल आणि ५ मिली ॲसेटिक अनहायड्राइड. अनहायड्राइडची घनता १.०८, म्हणजे ते झालं ५.४ ग्रॅम. आता ग्रॅम बाजूला ठेवा आणि मोल काढा. २ भागिले १३८ म्हणजे ०.०१४५ मोल आम्ल, ५.४ भागिले १०२ म्हणजे ०.०५३ मोल अनहायड्राइड. अभिक्रिया एकास एक. आम्ल आधी संपणार, म्हणून तेच लिमिटिंग रिएजंट. ०.०१४५ गुणिले १८०, म्हणजे फार तर २.६ ग्रॅम ॲस्पिरिन. पहिल्या मुलाने हिशेब अनहायड्राइडवरून मांडला होता. त्यामुळे अपेक्षा साडेनऊ ग्रॅमची, हातात २.१ ग्रॅम. त्याचं खरं यील्ड ८० टक्के होतं, आणि ते उत्तमच म्हणायला हवं!

अनहायड्राइड मुद्दामच जास्त घेतात. आम्ल पुरतं वापरलं जावं हा हेतू. उरलेलं अनहायड्राइड पाण्याने ॲसेटिक आम्ल होऊन गाळणीखाली निघून जातं.

एकास एक असल्यामुळे इथे नुसते मोल पाहून भागलं. दरवेळी भागत नाही. अमोनियाचं उदाहरण घ्या: २८ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे १ मोल, ५ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे सुमारे २.५ मोल. हायड्रोजनचे मोल जास्त दिसतात, पण एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात. म्हणून प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने भागायचे. नायट्रोजनचं उत्तर १, हायड्रोजनचं ०.८३. आधी संपतो हायड्रोजन. ही एक पायरी गाळल्यामुळे हुशार मुलांचेही गुण गेलेले मी पाहिलेत. आणि समीकरण आधी संतुलित हवं, नाहीतर पुढचं सगळं वाया.

आता ११९ टक्के. त्या मुलाचा हिशेब बरोबर होता, पण फिल्टर पेपरवरचा ३.१ ग्रॅमचा ओला लगदा त्याने तसाच तोलला. जास्तीचं वजन पाण्याचं. शंभराच्या वर यील्ड दिसलं की वहीत लिहू नका. पदार्थ पुन्हा वाळवा आणि लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत तोलत राहा. धुताना पाणी बर्फासारखं गार आणि थोडंच घ्या, कारण खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात सुमारे ०.३ ग्रॅम ॲस्पिरिन विरघळून जातं. शेवटी चिमूटभर स्फटिकांवर फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. गडद जांभळा रंग आला, तर सॅलिसिलिक आम्ल अजून शिल्लक आहे आणि तोललेलं सगळं ॲस्पिरिन नाही.