महागडा इअरफोन, एका बाजूने आवाज कमी

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी हौसेने महागडे वायरवाले इअरफोन घेतले. आता डाव्या बाजूने आवाज बारीक येतो. नवे घ्यावेत का?
– एक वाचक, लोहारा (जि. यवतमाळ)

उत्तर : घाई करू नका. आधी डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून पाहा. तरीही डाव्याच कानाला कमी ऐकू आले, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. वायर निघणारी असेल, तर तिच्या इअरफोनकडच्या दोन टोकांची अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला सरकला, तर वायर खराब. ती वेगळी मिळते. सरकला नाही, तर रबरी टोपी काढून आतली जाळी उजेडात पाहा. बहुधा मळ साचलेला असतो. तोंड खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. पिन खुपसू नका. टोप्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. त्या सैल झाल्या, की खर्ज हरवतो, तेव्हा बदला.

पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत मात्र विसरू नका. उष्णतेने आतला गोंद सुटतो.

आणि आवाज बेताचा ठेवा : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास पुरे.