बालक व वृद्ध यांसह एक दिवसाची सहल : निदानपरिवर्जनाच्या दृष्टीने विचार

प्रास्ताविक

दिवाळी सरून हेमंत ऋतूस प्रारंभ झाला, की चिकित्सालयात एक ठराविक मागणी ऐकू येते. "डॉक्टर, रविवारी घरचे सगळे बाहेर जातोय. गाडी लागू नये म्हणून काहीतरी द्या." आपण चूर्णाची पुडी बांधून देतो आणि पुढील रुग्णास आत बोलावतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. तान्ह्या बालकापासून आजी-आजोबांपर्यंत तीन पिढ्या एकत्र निघतात, तेव्हा ती सहल हा चिकित्सकाच्या विचाराचा विषय आहे, हे पुढील अनुभवानंतर ध्यानी आले.

रुग्णानुभव

सातारा येथील एक परिचित कुटुंब. आजोबा वय 72, मधुमेही, साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू. आजी वय 67, दोन्ही गुडघ्यांचा संधिगत वात व रक्तदाब. रक्तदाबासाठी मूत्रल औषध, ज्यास त्या 'लघवीची गोळी' म्हणत. मुलगा, सून आणि पाच महिन्यांचे बालक. एकाच दिवसात पाचगणी, महाबळेश्वर व प्रतापगड करावयाचे ठरले. पहाटे पाच वाजता प्रस्थान झाले.

वाटेत सोय होणार नाही या भीतीने आजींनी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडले आणि सकाळची गोळीही घेतली नाही. आजोबांनी गोळी नेहमीप्रमाणे आठ वाजता गाडीतच घेतली. जेवणास मात्र दोन वाजून गेले. त्यापूर्वीच त्यांना घाम व कंप सुटून बोलणे असंबद्ध होऊ लागले. मुलास वाटले, गाडी लागली. सुनेने प्रसंगावधान राखून त्यांना साखर चारली, म्हणून निभावले. आडोसा न मिळाल्याने बालकास दिवसभरात दोनदाच अंगावर पाजले गेले. ते रात्रभर रडले. तिसऱ्या दिवशी आजी मूत्रदाह व ज्वर घेऊन आल्या आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

आदल्या दिवशी हे कुटुंब माझ्यासमोर बसले होते. मी गाडी लागण्याचे चूर्ण दिले होते. कोण कोण जाणार, औषधे कोणती, जेवण किती वाजता, यांपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या, वातव्याधिचिकित्सित अध्यायातील वातप्रकोपाची कारणे आठवावीत. अतिजागरण, अभोजन, लंघन, अत्यध्व, अतिव्यायाम, वेगसंधारण, शीघ्रयान ही सर्व त्या गणनेत आहेत. वर वर्णिलेल्या सहलीचा कार्यक्रम याच यादीवरून आखला असावा, असे वाटते. वृद्धावस्था स्वभावतःच वातप्रधान. मध्यमवयीन मुलगा जो हेतू सहज पचवितो, तोच आई-वडिलांच्या ठायी व्याधी उत्पन्न करितो.

सूत्रस्थानाच्या सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मूत्रवेग धारण केल्याने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल इत्यादी लक्षणे होतात. वेग येऊ नये म्हणून पाणीच न पिणे हा त्याच अपथ्याचा दुसरा प्रकार होय. आपल्याकडील वृद्ध स्त्रिया प्रवासात हा मार्ग सर्रास अवलंबितात आणि त्याविषयी संकोचाने बोलत नाहीत. म्हणून हा प्रश्न वैद्यानेच विचारला पाहिजे.

बालकाविषयी काश्यपसंहितेत चौथ्या महिन्यात निष्क्रमण सांगितले आहे. बालकास बाहेर नेण्यास शास्त्राची हरकत नाही. मात्र त्याची अवस्था पाहिली पाहिजे. क्षीरप बालकाचे अन्न म्हणजे माता. ती उपाशी, तहानलेली वा त्रासलेली असेल, तर त्याचा परिणाम बालकावर होणारच. क्रोध व शोक ही स्तन्यनाशाची कारणे सुश्रुताचार्यांनी सांगितली आहेत. तेव्हा सहलीत जपावयाच्या व्यक्ती दोन नव्हेत, तीन : बालक, वृद्ध आणि स्तन्यदा माता.

नियोजनाची तत्त्वे

1) ऋतू व काल : हेमंतात बल व अग्नी उत्तम असतात, म्हणून सहलीस हा ऋतू श्रेष्ठ. ग्रीष्मात बल क्षीण असते. वृद्ध व बालक यांस घेऊन दुपारी फिरणे टाळावे. हेमंतातही पहाटेच्या गारठ्यात निघू नये. सकाळचे मलमूत्रविसर्जन, न्याहारी व औषधे घरीच उरकून नऊच्या सुमारास निघावे. मध्याह्न सावलीत विश्रांतीसाठी राखावा व सूर्यास्तापूर्वी घरी परतावे.

2) देश : ठिकाण एकच निवडावे. प्रवास एका बाजूने सुमारे तासाभराचा असावा. पायऱ्या किती, बसावयास जागा कोठे, हे आधी पाहावे. स्वच्छतागृह कोठे आहे हे ठाऊक नसल्यास ते ठिकाण रद्द करावे. हा नियम रुग्णांस कठोर वाटतो. परंतु पाणी पिण्याचे धैर्य आजींना त्यानेच येते.

3) आहार : वृद्धांच्या भोजनाची वेळ घरच्याप्रमाणेच ठेवावी. मुगाची मऊ खिचडी, भाकरी, मेतकूट, साळीच्या लाह्या यांसारखे लघु अन्न घरून न्यावे. मधुमेही व्यक्तीच्या खिशात साखर असावी. घाम, कंप, अतिक्षुधा, गोंधळलेपण दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटताच जेवू घालावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

4) बालक : सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तन्य; वरचे पाणीही नको. दर दोन-तीन तासांनी गाडी थांबवून निवांत पाजावे. गाडीत बालकाचे आसन मागील बाजूस व मागे तोंड केलेले असावे. मांडीवर घेऊन पुढे बसू नये. बंद गाडीत बालकास क्षणभरही एकटे ठेवू नये. दूध न ओढणे, लघवी कमी होणे, मलूलपणा, जलद श्वास यांपैकी काहीही आढळल्यास सहल तेथेच संपवून बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

5) औषधे : अन्य चिकित्सकांनी दिलेली औषधे सहलीसाठी बंद करू नयेत. मूत्रल गोळीची वेळ बदलणे आवश्यक वाटल्यास ती देणाऱ्या चिकित्सकांस विचारूनच बदलावी. आदल्या रात्री गुडघ्यांस कोमट तीळतेलाचा अभ्यंग करावा.

औषधालयचालकांसाठी

सहलीची औषधे पुष्कळदा वैद्यास न विचारता थेट दुकानातून नेली जातात. म्हणून काही सूचना. लवणभास्कर चूर्णात लवण मोठ्या प्रमाणात असते. ग्राहकास रक्तदाब आहे का, हे विचारूनच द्यावे. आलेपाक, सितोपलादी चूर्ण व आसवारिष्टे यांत साखर वा गूळ असतो. मधुमेही व्यक्तीस सहज म्हणून देऊ नयेत. मळमळीसाठी अशा वेळी सुंठीचा लहान तुकडा पुरेसा होतो. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. ग्रंथांत बालकांसाठी मधाचे अनुपान आहे हे खरे; परंतु मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बालकास बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, हे आज निश्चित ज्ञात आहे. गुटी मधात उगाळून देण्याचा सल्ला आपण थांबविला पाहिजे. तसेच सर्दी होऊ नये म्हणून कापूर बालकाच्या नाकाशी वा छातीशी लावण्यास सांगू नये. त्याने आक्षेप येण्याचा धोका असतो.

दुसरी सहल

पुढील मार्गशीर्षात तेच कुटुंब पुन्हा आले. या वेळी आजी म्हणाल्या, "मी घरीच राहते. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो." हे वाक्य ऐकून मला माझीच चूक पुन्हा आठवली. वृद्ध व्यक्ती सहलीस नको म्हणते, तेव्हा बहुधा तिला सहल नको नसते. तिला लाज नको असते.

कागद घेऊन आम्ही बेत आखला. ठिकाण वाई, साताऱ्याहून सुमारे 35 किलोमीटर. वाटेत घाटाची वळणे नाहीत. नऊ वाजता प्रस्थान. कृष्णाकाठी ढोल्या गणपतीचे दर्शन. साडेबारास गावातील नातलगांच्या घरी भोजन व तीनपर्यंत विश्रांती. तेथे स्वच्छतागृह होते आणि बालकास निजण्यास खोली. बालक आता दीड वर्षाचे, म्हणजे क्षीरान्नाद होते. त्याच्यासाठी मऊ खिचडी वेगळी काढली. दुपारनंतर गाडीने मेणवलीस जाऊन घाटाच्या वरच्या पायरीवरच बसावयाचे, खाली उतरावयाचे नाही. पाचला परत.

नंतर आजी आल्या तेव्हा त्यांनी गणपतीविषयी चार शब्द सांगितले, नातवाने नदीकडे बोट दाखवून काय म्हटले ते सांगितले आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसभर पाणी प्याले." चिकित्सेचे याहून वेगळे फलित मला अपेक्षित नव्हते.

उपसंहार

संक्षेपतः क्रियायोग म्हणजे निदानपरिवर्जन, हे आपण विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले सूत्र आहे. सहलीच्या संदर्भात ते तीन प्रश्नांत सामावते : बरोबर कोण आहे व त्यांची औषधे कोणती? जेवण किती वाजता व कोठे? स्वच्छतागृह कोठे आहे? पुडी बांधता बांधता हे विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. वैद्यबंधु-भगिनींनी व औषधालयचालकांनी येत्या हंगामात प्रत्येक सहलीच्या पुडीबरोबर हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत, ही विनंती.