तिरपीं अक्षरें आणि डोळ्यांचा न्याय

घरीं एक छोटासा प्रयोग करून पाहा. सारख्या आकाराच्या दहाबारा वह्यांची चळत मेजावर सरळ रचा आणि तिच्या कडेवर पेन्सिलीनें मोठा ‘ठ’ काढा. आतां तळची वही धरून ठेवून वरच्या वह्या क्रमाक्रमानें उजवीकडे सरकवा. ‘ठ’ तिरपा होईल. परंतु त्याचें वाटोळें पोट वाटोळें राहणार नाहीं. तें उजवीकडे वर ताणलें जाऊन लंबवर्तुळासारखें दिसूं लागेल.

संगणकावर मराठी मजकूर तिरपा करण्याची कळ दाबली असतां पुष्कळदां हेंच घडतें. प्राध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं रेखिलेला ‘मंगल’ हा टाईप विंडोज २००० बरोबर घरोघरीं पोहोंचला. त्याला स्वतंत्र तिरपें रूप नाहीं. म्हणून कळ दाबतांच यंत्र सरळ अक्षरच वह्यांच्या चळतीप्रमाणें सरकवितें. अक्षराच्या सौंदर्याचा विचार तें करीत नाहीं.

ह्यांत बिघडतें काय, तें गणितानें पाहूं. अक्षर १२ अंशांनीं कलविलें असें धरा. १० मिलिमीटर व्यासाचें वर्तुळ एका दिशेस सुमारें ११.१ मिलिमीटर लांब, तर दुसऱ्या दिशेस ९ मिलिमीटर रुंद होतें. उजवीकडे ४५ अंशांनीं चढत जाणारी रेघ सुमारें दहा टक्के बारीक होते. तितक्याच कोनानें उजवीकडे उतरणारी रेघ अकरा टक्के जाड होते. काना सुमारें दोन टक्के बारीक होतो आणि शिरोरेषेची जाडी मात्र होती तेवढीच राहते. शिवाय रफार व वेलांटी उजवीकडे, तर उकार डावीकडे ढळतो. त्यामुळें एका अक्षराचा रफार शेजारच्या मात्रेला भिडण्याचा संभव असतो. सारांश, लेखकानें कोठें जाड व कोठें बारीक असें जें माप योजिलें होतें, तें सर्व विसकटतें. वाचणाऱ्यास कारण सांगतां येत नाहीं, पण ओळ अस्वस्थ वाटते.

मग उपाय कोणता? पुन्हा चळतीकडे वळूं. वह्या न सरकवितां सगळी चळतच थोडी कलती केली तर ‘ठ’चें पोट गोल राहतें, आणि रेघांची जाडीही बदलत नाहीं. पण मग शिरोरेषा उताराला लागते, व मराठी ओळीस तें मुळींच चालत नाहीं. एका रीतीनें गोलाई बिघडते, दुसरीनें शिरोरेषा. म्हणून टाईप रेखणारे दोहोंचा मेळ घालतात. शिरोरेषा व काना केवळ सरकवावयाचे. गोल भाग मात्र अर्धे सरकवावयाचे व अर्धे फिरवावयाचे. सहा अंश सरकविणें व सहा अंश फिरविणें असें केलें तर वर्तुळाची विकृति सुमारें निम्म्यावर येते.

हें काम आतां यंत्रास शिकवितां येतें. अक्षराच्या बाह्यरेषेंतील सरळ व वक्र भाग यंत्र वेगळे काढतें, वक्र भागांस वरील मिश्र रीति लावतें, आणि त्याच अक्षराच्या बारीक व जाड अशा दोन आवृत्त्या हाताशीं असल्यास त्यांच्यामधील योग्य जाडी हिशेबानें भरून काढतें. शेंकडों जोडाक्षरें असलेल्या आपल्या लिपींत ही मदत लहान नव्हे. तरीही ‘ठ’ला साधलेलें प्रमाण ‘क्ष’ला साधेलच असें नाहीं. शेवटचा निवाडा डोळ्यांनींच करावा लागतो.

आपल्या पूर्वजांना हें ठाऊक होतें. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्यें थॉमस ग्रॅहम यांनीं १८३० नंतरच्या दशकांत देवनागरी अक्षरांचे ठसे कोरले. त्याच छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या कुशल हातांनीं त्याचीं अक्षरें नांवाजलीं गेलीं. पोलादावर एकेक अक्षर कोरावयाचें म्हणजे प्रत्येक वळणाचा विचार करणें भागच होतें. कळ दाबून सुटका नव्हती.

तिरपें अक्षर ही मूळची रोमन लिपीची चाल. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस यानें १५०१ सालीं तसल्या अक्षरांत व्हर्जिलचें काव्य छापिलें. आपल्या अंबरनाथच्या शिवालयांतील शके ९८२ चा (इ.स. १०६०) शिलालेख नागरींत आहे, आणि त्याचीं अक्षरें सरळ उभीं आहेत. मराठींत एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा तर जाड अक्षर किंवा अवतरणचिन्ह पुरेसें होतें. तेव्हां तिरपें अक्षर हवेंच असेल तर तें नीट रेखलेलें असावें. नसेल तर जाड अक्षर घ्यावें. यंत्रानें ओढून वांकविलेलें अक्षर मात्र नको.

पालकांसही एक विनंति. लग्नपत्रिका किंवा दुकानाची पाटी छापावयास देतांना नमुना हातीं आला म्हणजे मुलास जवळ बसवावें व विचारावें, “ह्यांतील ‘ठ’चें पोट गोल आहे काय? रफार कोठें भिडला आहे काय?” मुलानें बरोबर बोट ठेविलें तर छापखानेवाल्यास नम्रपणें सांगून तेवढें दुरुस्त करून घ्यावें. वर्षभराच्या भूमितीचा असा उपयोग झालेला पाहून कोणाही शिक्षकास समाधानच वाटेल.