गेटवरच्या काकांना काय दिसतं?

पालकहो,

शाळेच्या गेटवरचे सिक्युरिटी काका तुमच्या मुलाला रोज दोनदा पाहतात, आणि तेही शिक्षकांची नजर नसते अशा वेळी. वर्गात मूल हजेरीला 'येस मॅडम' म्हणतं आणि मान खाली घालून बसतं. व्हॅनमधून उतरल्यावर ते पाय ओढत आत जातं की मित्र दिसताच धावत सुटतं, हे काकांनाच दिसतं. सगळे पांगल्यावर भिंतीपाशी कोण रेंगाळतं, भर उन्हाळ्यात लांब बाह्या खाली ओढत कोण फिरतं, कोणाचा डबा रोज भरलेलाच परत जातो, हे काकांना, बसमधल्या मावशींना आणि शिपाईमामांना न विचारता कळतं. पण त्याचं पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ मधल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर आपण सगळ्यांनी सीसीटीव्ही, पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबद्दल शाळांना जाब विचारला. विचारायलाच हवा होता. मात्र मुलांना धोका फक्त इतरांकडून नसतो, तो त्यांच्या मनातल्या घुसमटीतूनही येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता.

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, हे त्यातलं एक. दुसऱ्याबद्दल फारसं बोललं जात नाही: शिक्षकांबरोबरच शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. धोक्याची लक्षणं कशी ओळखावीत, मानसिक प्रथमोपचार कसा करावा आणि मुलाला पुढे कोणाकडे न्यावं, हे त्यात शिकवायचं. पण गेटवरचे काका बहुतेक ठिकाणी एजन्सीचे. 'ते आपले कर्मचारी नाहीत' म्हणून त्यांना सहज वगळलं जाऊ शकतं. दर काही महिन्यांनी माणूस बदलला, तर शिकवलेलंही वाया जातं.

'वॉचमनला मानसशास्त्र कशाला?' असं कोणी म्हणेल. त्यांनी निदान करायचंच नाही. 'याला डिप्रेशन आहे' असं सांगत फिरणारा रक्षक मुलाचं भलं करण्याऐवजी नुकसानच करील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीनच सूत्रं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या.

समजा, आठवीतला एक मुलगा आठवडाभर उशिरा येतोय आणि गेटशी थबकतोय. न शिकलेले काका दरडावतील, 'चल आत, रडतोस काय मुलीसारखा!' शिकलेले काका त्याला बाजूला घेतील. 'काय रे, बरं वाटत नाहीये का? बस दोन मिनिटं, मी आहे इथे.' तो बोलला तर मध्ये न तोडता ऐकतील, 'कोणाला सांगणार नाही' असं खोटं वचन देणार नाहीत आणि त्याच दिवशी समुपदेशकाला सांगतील. चहाच्या टपरीवर किंवा इतर पालकांपाशी चकार शब्द काढणार नाहीत. 'मी नसलो तर बरं होईल' असं मूल बोललं, अंगावर जखमा किंवा वळ दिसले किंवा ते जिवापाड जपलेल्या वस्तू वाटू लागलं, तर त्याला क्षणभरही एकटं न सोडता तिथूनच समुपदेशकाला फोन लावतील. एवढं एका दिवसात शिकवता येतं. फक्त ते प्रत्यक्ष प्रसंग करून घेत शिकवावं आणि वर्षभरात पुन्हा उजळणी घ्यावी.

आता थोडं आपल्याविषयी. शाळेतून फोन आला की आपल्या तोंडून पटकन निघतं, 'वॉचमनने सांगितलं म्हणून?' किंवा मुलाला, 'चार लोकांत शोभा केलीस!' तेवढ्यावर मूल मिटतं आणि काकाही पुढच्या वेळी गप्प बसतात. कदाचित त्यांचा अंदाज चुकला असेल; मूल नुसतं थकलेलंही असेल. तरी त्यांचे आभार माना. घरी मुलाला 'कोणी काही बोललं का?' असं खोदून विचारण्यापेक्षा शेजारी बसा आणि त्याच्या गतीने बोलू द्या. जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे शांतपणे विचारायलाही कचरू नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट आत असेल तर बोलायला वाट मिळते.

येत्या पालकसभेत तीन प्रश्न विचारा. शिक्षकेतर आणि एजन्सीच्या माणसांचं प्रशिक्षण कधी झालं? त्यांना काही खटकलं तर ते कोणाला सांगतात? आणि सांगितल्यावर पुढे काय होतं? या प्रश्नांना शाळेकडे नाव आणि तारखेसह उत्तर असलं पाहिजे; नसेल तर लेखी मागा.

आणि एक नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवा: १४४१६. ही सरकारची टेलि-मानस सेवा. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.