निवासी शाळा आणि दूरस्थ पालक

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागातील अनेक पालक रोजगारासाठी मुंबईस, तर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्यांचे मूल निवासी शाळेत शिकत असेल, तर शाळेचा निरोप हाच त्यांचा आधार असतो.

शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 24 अन्वये पालकांच्या नियमित सभा घेऊन पाल्याची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. विचारणा करणे ही याचना नव्हे.

परंतु मूल आजारी पडले अथवा चुकले तरच निरोप गेला, तर शाळेचा फोन म्हणजे संकट, अशी धास्ती बसते. पालक शाळेची पायरी टाळतो. सुट्टीनंतर मूल का परतले नाही, हे शाळेसही उशिरा कळते. म्हणून वर्गशिक्षकाने तक्रार नसतानाही महिन्यातून एकदा बोलावे. निरक्षर पालकास प्रगतिपत्रक वाचून दाखवावे. पालकानेही बदललेला पत्ता, फोन क्रमांक व घरची अडचण कळवावी.

जुलै 2021 च्या महापुरात येथील रस्ते व दूरध्वनी बंद पडले होते. अशा वेळी निरोप कोणामार्फत पोहोचवावा, हे जूनमध्येच ठरवून ठेवावे.

सुभेदार रामजी भीमरावांना पहाटे अभ्यासास उठवीत. दूरच्या पालकास ते शक्य नाही. परंतु मूल काय शिकते हे त्याला नियमित कळले, तर त्याचीही जाग मुलापर्यंत पोहोचते.